खाद्य कारखान्यातले पृष्ठभाग आणि जंतू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, गोकाक या पट्ट्यात खवा, कुंदा, पनीर, काजू, मसाला, फरसाण करणारे लहान-मध्यम कारखाने पुष्कळ आहेत. त्यांच्या साफसफाईचं प्रशिक्षण देण्याचं काम मी करते. प्रशिक्षण संपल्यावर फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. क्रमाने वाचायलाच हवं असं नाही. जिथे दुसऱ्या उत्तराचा संबंध येतो, तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. आम्ही रोज संध्याकाळी फिनेल टाकून सगळं पुसतो. तरी लॅबवाले म्हणतात जंतू आहेत. असं कसं?

हा प्रश्न मला कुंद्याच्या एका युनिटमध्ये तिथल्या मावशींनी विचारला होता, "काय ओ मॅडम, वास येतोय की चांगला!" वास येत होता, पण तो फिनेलचा. फिनेल संडास-बाथरूमच्या फरशीसाठी असतं. खाद्यपदार्थ टेकतो त्या ओट्यावर, ट्रेवर, कढईच्या काठावर ते लावायचंच नाही. खव्यातलं तूप वास लगेच धरतं, आणि मग पेढ्याचा बॉक्स उघडला की आधी फिनेलच येतं.

दुसरं म्हणजे पुसणं, धुणं आणि निर्जंतुक करणं ही तीन वेगळी कामं आहेत. पुसल्याने डाग दिसेनासा होतो, धुतल्याने मळ निघतो, आणि मळ निघाल्यावरच औषध, म्हणजे जंतुनाशक, जंतूंपर्यंत पोचतं. मळावर ओतलेलं क्लोरीन मळाशीच झुंजून संपतं. ज्या युनिटमध्ये औषधाचा खर्च सगळ्यात जास्त, तिथलेच स्वॅब (पृष्ठभागावर बोळा फिरवून घेतलेले नमुने) बऱ्याचदा वाईट येतात, कारण धुण्यातली कसर औषधाने भरून काढायची धडपड चाललेली असते.

२. नेमक्या कोणत्या जंतूंची काळजी करायची?

तुम्ही काय बनवता त्यावर ते ठरतं. मसाला, काजू, दूध पावडर अशा कोरड्या मालात साल्मोनेला. तो कोरड्यात वाढत नाही, पण महिनोन्महिने तग धरून राहतो. पनीर, श्रीखंड, कापून पॅक केलेली फळं-भाज्या, थंड ठेवून तसंच खायचा माल यात लिस्टेरिया. तो फ्रीजच्या तापमानातही वाढतो आणि गरोदर बायकांना सगळ्यात धोकादायक. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये पोलोनी नावाच्या तयार मांसाच्या पदार्थातून लिस्टेरियाची साथ आली. हजाराहून जास्त लोक आजारी पडले, दोनशेहून जास्त दगावले.

आपल्याकडे खवा-कुंदा-पेढ्यात मला जास्त भीती वाटते ती स्टॅफिलोकॉकसची. तो माणसाच्या नाकात आणि हातावरच्या जखमेत असतो. माल शिजवून झाल्यावर हाताने वळताना तो आत शिरतो. त्याने तयार केलेलं विष उकळूनही जात नाही, त्यामुळे "परत एकदा गरम करून घेऊ" हा उपाय इथे चालत नाही. भात, दूध आणि पिठाच्या कामात बॅसिलस सिरियस असतो, त्याचे बीजाणू (जंतूचं कवचातलं झोपलेलं रूप) उकळत्या पाण्यातही टिकतात.

३. धुण्याचा बरोबर क्रम कोणता?

आधी कोरडं काढा. खरवडणी, ब्रश, पत्र्याचं सुपडं, जे असेल त्याने चिकटलेला खवा, पीठ, साखर गोळा करून बादलीत. हे न करता पाइप लावला की माल गटारात जातो, आणि गटारातल्या जंतूंना पंगत बसते.

मग कोमट पाण्याने विसळा. इथे बहुतेकजण चुकतात. कढत पाणी मारलं की दुधातली प्रथिनं भांड्याला भाजल्यासारखी चिकटतात, आणि गार पाणी मारलं की तूप गोठतं. हाताला सोसेल इतपत, ४०-४५ अंश पुरे. त्यानंतर साबण किंवा अल्कलीचं (धुण्याच्या सोड्यासारख्या क्षाराचं) द्रावण, आणि घासणं. घासण्याला पर्याय नाही. वेळ, तापमान, रसायन आणि घासणं या चारांतलं एक कमी केलं तर दुसरं वाढवावं लागतं.

मग साबण पूर्ण जाईपर्यंत धुवा. मग डोळ्यांनी बघा, नुसतं उभं राहून नव्हे, वाकून आणि टॉर्च घेऊन. मिक्सरच्या झाकणाचं रबर, ज्याला आपली पोरं वायसर म्हणतात, ते एका ठिकाणी मी नखाने उचलून काढलं. वरून आरशासारखं चकचकीत यंत्र आणि रबराखाली पिवळसर, आंबूस, लोण्यासारखा थर. त्या युनिटचा माल तीन महिने अधूनमधून खराब होत होता. कारण त्या खाचेत होतं, आणि रोज धुणाऱ्याला रबर काढायचं असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं.

सगळं स्वच्छ दिसलं तरच औषध मारा (प्र. ६). आणि शेवटी सुकू द्या. ओली भांडी एकात एक घालून ठेवली की रात्रभरात पुन्हा शून्यावर.

यंत्र वरून खाली धुवत या. फरशी आणि गटाराचं धुणं यंत्राला औषध मारण्याआधी उरकून घ्या, यंत्राचं औषध सगळ्यात शेवटी.

४. फडकं कोणतं वापरावं?

शक्यतो वापरूच नका. मी हे बोलले की हॉलमध्ये हशा पिकतो, पण ओलं फडकं म्हणजे जंतूंची टांगलेली नर्सरी. सकाळी वजनकाटा पुसला, मग ओटा, मग हात, मग ट्रे, आणि दुपारी ते नळावर वाळत घातलं. अशा एका फडक्याने अख्ख्या युनिटला एकच जंतू वाटला जातो. एकदा वापरून टाकायचा कागद घ्या. कापडच हवं असेल तर प्रत्येक वापरानंतर औषधाच्या बादलीत, आणि ती बादली दर दोन-तीन तासांनी नवी. ब्रशला रंग ठरवून घ्या, ओट्याचा निळा, फरशीचा लाल. गटाराचा वेगळाच, आणि तो गटाराजवळच टांगलेला.

५. आमचं बोअरचं पाणी जड आहे. साबणाला फेसच येत नाही. त्याने काही फरक पडतो का?

बराच पडतो. पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबण खाऊन टाकतं, आणि भांड्यावर पांढुरका थर बसवतं. दुधाच्या कामात हाच थर दुधातल्या कॅल्शियम फॉस्फेटबरोबर मिळून दूधखडा होतो. तो खडबडीत असतो, जंतू त्यात लपतात, आणि कॉस्टिक सोड्याने तो निघत नाही. त्याला आम्लच लागतं. म्हणून आठवड्यातून एकदा तरी, पाणी फार जड असेल तर त्याहून जास्त वेळा, नायट्रिक किंवा फॉस्फोरिक आम्लावर आधारित क्लीनर वापरा. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मानकात एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. प्यायला चालतं म्हणजे धुवायला चालतं असं नाही. पाण्याचा रिपोर्ट पुरवठादाराला दाखवा आणि त्याप्रमाणे क्लीनर मागा.

६. कोणतं औषध चांगलं? क्लोरीन, क्वाट, की ते व्हिनेगरसारख्या वासाचं?

क्लोरीन, म्हणजे हायपो (सोडियम हायपोक्लोराइट), स्वस्त आहे आणि जवळपास सगळ्यांना मारतं. पण मळात संपतं, उन्हात आणि उष्णतेत कमजोर होतं, आणि स्टीलला खड्डे पाडतं. गरम पाण्यात घालू नका. पाणी अल्कली असेल तर त्याचा जोर फार उतरतो. ७.५ पीएचला मारणारा भाग निम्मा असतो, ८.५ ला जेमतेम दहातला एक.

क्वाटला (क्वाटर्नरी अमोनियम संयुगांना) वास नाही, हाताला सौम्य, आणि पृष्ठभागावर थोडा वेळ टिकून राहतं. पण साबणाचा अंश राहिला असेल तर निकामी होतं, आणि जड पाण्यात काही क्वाट ढेपाळतात. बीजाणूंवर त्याचा उपयोग नाही.

व्हिनेगरसारखा वास येतो ते पेरासेटिक आम्ल. थंडीतही काम करतं, बीजाणूंवरही चालतं, आणि शेवटी त्याचं ॲसिटिक आम्ल, पाणी आणि ऑक्सिजन होतं. महाग आहे. मूळ कॅन उघडताना डोळे-नाक झोंबतात, त्यामुळे गॉगल आणि मोजे घातल्याशिवाय हात लावायचा नाही.

माझं मत विचाराल तर लहान युनिटने फरशी-गटाराला क्लोरीन आणि कोल्ड रूमला पेरासेटिक ठेवावं. आणि जिथे भांडी पूर्ण बुडवता येतात तिथे गरम पाण्यासारखं औषध नाही. ७७ अंशांच्या वर अर्धा मिनिट भांडं पूर्ण बुडलेलं पाहिजे, नुसतं वरून ओतून काही होत नाही.

७. २०० पीपीएम म्हणजे बादलीत किती टाकायचं?

२०० पीपीएम म्हणजे लिटरला २०० मिलिग्रॅम. १० लिटरच्या बादलीला २ ग्रॅम क्लोरीन लागतं. कॅनवर १० टक्के लिहिलं असेल तर २० मिली, घरगुती ४ टक्क्यांचं असेल तर ५० मिली. "एक झाकण" हे माप नाही, कारण झाकणं दहा प्रकारची असतात. कॅन सहा महिने पत्र्याखाली उन्हात पडला असेल तर लेबलवरचे १० टक्के आत उरलेले नसतात, म्हणून बादली तयार झाल्यावर टेस्ट स्ट्रिप बुडवा. क्लोरीनची आणि क्वाटची स्ट्रिप वेगळी असते, एकीने दुसरं मोजता येत नाही.

८. दोन औषधं मिसळली तर दुप्पट जोर येतो का?

नाही, जीव जाऊ शकतो. हायपोत आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. आम्लाचे आणि हायपोचे कॅन शेजारी ठेवूसुद्धा नका.

९. औषध मारल्यावर परत पाण्याने धुवायचं का?

लेबल काय सांगतं ते आधी बघा. अमेरिकेच्या नियमांत अन्न टेकणाऱ्या पृष्ठभागावर क्लोरीन २०० पीपीएमपर्यंत असेल तर नुसतं निथळू देतात, धुण्याची सक्ती नाही. त्यापेक्षा तीव्र वापरलं असेल तर धुवायलाच हवं. धुवायचं असेल तर पिण्यायोग्य पाण्याने. उघड्या टाकीतल्या पाण्याने धुतलं तर मारलेले जंतू गेले आणि नवे आले. आणि लेबलवर लिहिलेली मिनिटं पृष्ठभाग ओला राहिला पाहिजे. मारलं आणि लगेच वायपर फिरवला, असं होतं बऱ्याच ठिकाणी.

१०. एकच औषध वर्षानुवर्षं वापरलं तर जंतू त्याला सरावतात का?

क्वाटच्या बाबतीत थोडंफार खरं आहे. कमी मात्रेला तग धरणारे लिस्टेरियाचे वाण कारखान्यांमध्ये सापडले आहेत. पण पूर्ण मात्रेत, स्वच्छ धुतलेल्या पृष्ठभागावर ते टिकावेत असं सहसा होत नाही. "जंतू औषधाला दाद देत नाहीत" अशी तक्रार येते तेव्हा मी आधी पृष्ठभागावर बोट फिरवून बघते. बुळबुळीत लागलं तर तो बायोफिल्म. जंतू स्वतःभोवती चिकट आवरण विणतात आणि त्याखाली वस्ती करतात. बाहेर मोकळा असताना जो जंतू मरतो, तोच आवरणाखाली त्याच मात्रेला बधत नाही. त्याला घासणं आणि अल्कली लागते, औषध बदलणं हा पुढचा मुद्दा. आठवड्यातून एक दिवस क्वाटऐवजी पेरासेटिक मारायला हरकत नाही.

११. गटाराचं काय करायचं? तिथे तर माल टेकत नाही.

माल टेकत नाही, पण गटार मालापर्यंत येतं. प्रेशर पंपाचा फवारा गटारात मारला की बारीक तुषार हवेत उडतात आणि शेजारच्या ओट्यावर बसतात. लिस्टेरियाचं कायमचं घर बहुधा तिथेच असतं. म्हणून गटारावर प्रेशर कधीच नाही. जाळी काढा, वेगळ्या ब्रशने घासा, औषध ओतून मुरू द्या. उत्पादन चालू असताना हे काम करू नका. आणि गटार धुणारा माणूस बूट-ॲप्रन न बदलता पॅकिंगला जाणार नाही एवढं बघा. छोट्या युनिटमध्ये हेच सगळ्यात अवघड जातं, कारण माणूस एकच असतो.

१२. कोल्ड रूममध्ये जंतू वाढत नाहीत ना?

लिस्टेरिया वाढतो, सावकाश का होईना (प्र. २). सगळेजण रॅक धुतात, पण वरच्या कूलरखालचा पाण्याचा ट्रे आणि त्याची नळी कुणी बघत नाही. तिथलं पाणी थेंब-थेंब उघड्या पनीरवर पडलेलं मी पाहिलं आहे. दाराच्या रबरी पट्ट्या आणि प्लॅस्टिकचे पडदेही यादीत घाला.

१३. पावसाळ्यात छतावरून थेंब पडतात. काय करावं?

खानापूरच्या बाजूला जून ते सप्टेंबर हे होणारच, कढईची वाफ छताला लागून थेंब होतात. वाफ बाहेर खेचणारा पंखा कढईच्या वरच हवा. उघड्या मालावर तात्पुरतं छत धरा, आणि थेंब वायपरने काढायचे तर माल हलवल्यावरच.

१४. काजू आणि मसाल्याचं युनिट आहे. आम्हीही रोज पाण्याने धुवायचं का?

अजिबात नाही. वर लिहिलेलं बरंचसं इथे उलटं लागू होतं. मिरची कांडपाच्या यंत्रात किंवा काजूच्या ग्रेडिंग टेबलात साल्मोनेला असला तरी कोरड्यात तो वाढत नाही. तुम्ही पाणी मारलं की कोपऱ्यातल्या पुडीचा लगदा होतो, आणि एका रात्रीत तो हजारांनी वाढतो. म्हणून कोरडी सफाई करा. ब्रश, खरवडणी, फिल्टर असलेला व्हॅक्यूम. कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, ती धूळ शेजारच्या यंत्रात जाते. औषध म्हणून ७० टक्के अल्कोहोल वापरा, ते उडून जातं. ९९ टक्क्यांपेक्षा ७० चांगलं काम करतं, कारण जंतूच्या आत शिरायला थोडं पाणी लागतं. रोस्टरची भट्टी आणि मोटारी पूर्ण थंड झाल्याशिवाय बाटली उघडू नका, अल्कोहोल पेटतं.

कधी ओलं धुण्याची वेळ आलीच, समजा ज्याची काहींना ॲलर्जी असते असा माल बदलताना, तर ते सुटे भाग उचलून वेगळ्या खोलीत न्या, धुवा, पूर्ण सुकवा आणि मगच परत जोडा. गोकाकच्या करदंटवाल्यांनाही (सुकामेवा-गुळाची मिठाई करणाऱ्यांनाही) हेच सांगते. पाक चिकटला म्हणून पॅकिंग टेबलावर पाण्याची बादली ओतू नका, तेवढीच फळी उचलून न्या.

१५. पाइपलाइन उघडता येत नाही. नुसतं कॉस्टिक फिरवलं तर चालेल ना?

फिरवण्याचा वेग महत्त्वाचा. सेकंदाला दीड मीटरपेक्षा हळू असेल तर पाइपच्या भिंतीवरचा थर निघत नाही. दोन इंची पाइपला तासाला साधारण साडेनऊ हजार लिटरचा पंप लागतो. छोटा पंप लावून तास-दोन तास फिरवणं म्हणजे वेळ घालवणं. डेअरीत नेहमीचा क्रम असा असतो : विसळणं, ७० ते ८० अंशांवर १ ते २ टक्के कॉस्टिक, विसळणं, आम्ल, विसळणं, शेवटी औषध. लाइनमध्ये कुठे आंधळी फांदी असेल, जिथे दूध जातं पण प्रवाह फिरत नाही, ती कापून टाका. ती धुऊन स्वच्छ होत नाही.

१६. एटीपी मीटर घ्यावा का? तो जंतू मोजतो का?

तो जंतू मोजत नाही. काजव्यात जी प्रकाशाची क्रिया चालते, तीच वापरून तो पृष्ठभागावर उरलेलं एटीपी मोजतो. हे एटीपी, म्हणजे पेशीतलं ऊर्जेचं रसायन, अन्नाच्या कणांतही असतं आणि जंतूंतही. म्हणजे धुणं कसं झालं ते अर्ध्या मिनिटात कळतं, आणि कामगाराला पुन्हा घासायला लावता येतं. एका कंपनीच्या मीटरचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी जुळत नाही, त्यामुळे शेजाऱ्याचा "आमचा ३० येतो" हा हिशेब आपल्याला लावू नका. पृष्ठभाग मन लावून धुवून दहा-पंधरा वेळा मोजा आणि आपली रेघ ठरवा. साल्मोनेला आहे की नाही हे सांगायला मात्र लॅबच लागते.

१७. स्वॅब कायम निगेटिव्ह येतात, तरी माल खराब होतो. हे काय गौडबंगाल?

तीन गोष्टी बघा. स्वॅब कुठून घेता? बहुधा टेबलाच्या मधोमध, जिथे सगळ्यात चांगलं घासलेलं असतं. रबर, स्क्रूची खाच, पट्ट्याची खालची बाजू, स्विचचं बटण इथून घ्या. स्वॅब कधी घेता? सफाईनंतर लगेच घेतला तर सगळं छानच दिसतं. काम सुरू होऊन तीन-चार तास झाल्यावर यंत्राच्या पोटातलं बाहेर येतं. तिसरं, स्वॅबच्या नळीत औषध निष्प्रभ करणारं द्रव्य आहे का? क्लोरीनसाठी थायोसल्फेट लागतं, क्वाटसाठी लेसिथिन आणि पॉलिसॉर्बेट. ते नसेल तर औषधाचा अंश नळीतच जंतू मारतो आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो.

हे सगळं ठीक असूनही माल खराब होत असेल तर मामला पृष्ठभागाचा नसून कच्च्या मालाचा किंवा हातांचा असेल.

१८. आमचं एक युनिट बेळगावात, दुसरं शिनोळीला. नियम वेगळे आहेत का?

कायदा एकच आहे, अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६. स्वच्छतेच्या अटी २०११ च्या परवाना नियमावलीच्या परिशिष्ट ४ मध्ये आहेत, त्या दोन्हीकडे सारख्याच. फक्त परवाना प्रत्येक जागेचा वेगळा, आणि अधिकारी एकीकडे कर्नाटकचे, दुसरीकडे महाराष्ट्राचे. सफाईची नोंदवही दोन्ही ठिकाणी एकाच साच्यात ठेवा.

फलकांच्या भाषेवरून भांडण होतं तेव्हा मी चित्रं काढायला सांगते. बादली, मिलीचा मोजणी पेला, हातमोजे, घड्याळ. मराठी, कन्नड, हिंदी, ओडिया, कुणालाही कळतं.

१९. ओट्याच्या स्वॅबमध्ये लिस्टेरिया निघाला. माल विकायचा की नाही?

खाद्यपदार्थ टेकणाऱ्या जागेवर निघाला असेल तर त्या दिवसाचा, आणि मागच्या शेवटच्या चांगल्या स्वॅबनंतर त्या यंत्रावर झालेला सगळा माल थांबवा. लॅबचा मालाचा रिपोर्ट येईपर्यंत तो गाडीत चढवायचा नाही, मग दसरा-दिवाळी असली तरी. माल आधीच गेला असेल तर अधिकाऱ्यांना कळवून परत मागवण्याची तयारी करा. यंत्र सुटं करून प्र. ३ प्रमाणे धुवा, आणि एकाच नव्हे, सलग तीन वेगवेगळ्या दिवसांचे स्वॅब निगेटिव्ह आल्यावरच पुन्हा सुरू करा.

गटारात किंवा फरशीवर निघाला तर माल थांबवायलाच हवा असं नाही. पण त्या जागेपासून मालाच्या दिशेने, फूट-दोन फुटांवर, गोल-गोल स्वॅब घेत जा. तो कुठून कुठे चालला आहे ते त्यातून दिसतं. एका ठिकाणी असं करत आम्ही ट्रॉलीच्या एका चाकापाशी पोचलो. त्या चाकावर सुतळी गुंडाळली गेली होती आणि कित्येक महिने ओलीच होती.